तेरा पूर्ण झाली, आता आयटीएफ खेळवायचं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्या पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगी नुकतीच तेरा पूर्ण झालीये, सांगलीत सिंथेटिक कोर्टवर खेळते, आयटाच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) अंडर-१४ रँकिंगमध्ये पहिल्या पन्नासात आहे. अकॅडमीतल्या एका पालकांनी तुम्हाला सांगितलं की आता आयटीएफ ज्युनियर (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ज्युनियर स्पर्धा) सुरू करा, आफ्रिकेत नाहीतर श्रीलंकेत जाऊन चार-पाच जे३० (त्यातल्या सगळ्यात खालच्या पायरीच्या स्पर्धा) खेळवा, तिकडे ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार ती मांडणी) सोपे असतात, पॉइंट मिळतात, एकदा रँक आला की पुढचं सगळं सोपं. आणि तुम्ही विचारताय की त्यासाठी कर्ज काढायची तयारी आहे, पण हे बरोबर आहे का?

मी बरीच वर्षं पुण्यात कोचिंग करतोय, पोरांबरोबर ट्रॅव्हलिंग कोच म्हणून फिरलोय. माझं मत सरळ सांगतो. आयटीएफ सुरू करा, पण पहिलं वर्ष भारतातच खेळवा, आणि कर्ज बिलकुल काढू नका. ते सोपे ड्रॉ म्हणजेच सगळा गोंधळ आहे, ते का ते नीट समजून घ्या, त्यासाठी आधी पॉइंटचं गणित कळायला हवं.

आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धांच्या पायऱ्या म्हणजे जे३०, जे६०, जे१००, जे२००, जे३००, जे५०० आणि सगळ्यात वर ज्युनियर ग्रँड स्लॅम. आधी यांना ग्रेड ५, ग्रेड ४ असं म्हणायचे, २०२३ पासून ही नावं आली, त्यामुळे जुने कोच अजून ग्रेड ५ म्हणतात, गोंधळू नका, जे३० म्हणजे तेच. नावातला आकडा म्हणजे सिंगल्स जिंकणाऱ्याला मिळणारे पॉइंट. जे३० जिंकली तर ३०, फायनल हरली तर १८, सेमीला ९, क्वार्टरला ५. मेन ड्रॉची, म्हणजे मुख्य स्पर्धेची, पहिली मॅच जिंकून दुसऱ्या राउंडला हरली तर २. पहिल्याच राउंडला हरली तर काही नाही, मग ती क्वालिफाइंगच्या (मेन ड्रॉत जागा मिळवायच्या आधीच्या फेरीच्या) दोन-तीन मॅच जिंकून आलेली असली तरी. ग्रँड स्लॅमचा ज्युनियर विजेता १००० पॉइंट घेतो. रँकिंग काढताना गेल्या ५२ आठवड्यांतले सिंगल्सचे सगळ्यात चांगले सहा रिझल्ट धरतात आणि डबल्सच्या सगळ्यात चांगल्या सहा रिझल्टचा पाव हिस्सा त्यात मिळवतात.

आता हिशोब बघा. सहाच रिझल्ट धरतात म्हटल्यावर एखादी मुलगी वर्षात सहाच्या सहा जे३० जिंकली, जे जवळपास कुणालाच जमत नाही, तरी तिचे सिंगल्सचे झाले १८०. दुसरी एखादी एकच जे२०० जिंकली तर तिचे २००. म्हणजे खालच्या पायरीवर कितीही आठवडे घालवले तरी एका उंचीच्या वर जाताच येत नाही, सिस्टिमच तशी केलीये. जे३० ही वर जायची पायरी आहे, आणि तुम्हाला सल्ला देणारे लोक तिलाच मुक्काम करायला सांगतायत.

दुसरी गोष्ट, जे३० चे पॉइंट सगळीकडे सारखे, पण प्रत्येक जे३० सारखी नसते. दिल्लीच्या किंवा चंदीगडच्या जे३० मध्ये क्वालिफाइंगलाच तुम्हाला आयटाच्या अंडर-१६, अंडर-१८ मधल्या भरपूर तगड्या मुली भेटतील. त्याच आठवड्यात लांबच्या कुठल्यातरी देशात एक जे३० चालू असते जिथे अर्ध्या ड्रॉमधल्या मुलींना रँकच नसतो, तिथल्या क्लबच्या मुली असतात, मेन ड्रॉ सुद्धा भरलेला नसतो. तिकडे जाऊन सेमी मारली की ९ पॉइंट. लोक हेच करतात, आणि मी त्यांना वाईट म्हणत नाही, नियमात बसतं सगळं. पण मग होतं काय, त्या पॉइंटवर मुलगी जे६०, जे१०० च्या मेन ड्रॉमध्ये थेट घुसते, तिथे पहिल्या राउंडला ६-१, ६-१ हरते, पुढच्या आठवड्यात परत तेच, सलग सहा-सात आठवडे पहिल्याच राउंडला बाहेर. त्या वयात सलग हरायची सवय लागली ना की ती उतरवायला फार वेळ लागतो. आणि ५२ आठवडे झाले की ते पॉइंट गळतात, मग रँक टिकवायला परत तिकडेच जावं लागतं, परत तिकीट, परत हॉटेल. अशी वर्षानुवर्षं फिरणारी कुटुंबं मी बघितलीयेत.

आणि आता तर असे सोपे पॉइंट लपतही नाहीत. आयटीएफचाच वर्ल्ड टेनिस नंबर आहे, खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, ४० पासून सुरू होतो आणि जितका खाली तितका चांगला, १ म्हणजे सगळ्यात वरचा. तो कुणाविरुद्ध काय स्कोअर झाला त्यावर हलतो. अमेरिकन कॉलेजचे कोच यूटीआर नावाचं तसलंच रेटिंग बघतात, तो १ पासून १६.५ पर्यंत, तिथे उलटं, जास्त तो चांगला, पण तत्त्व तेच. सोप्या ड्रॉमध्ये ६-०, ६-० मारून हे दोन्ही आकडे हलत नाहीत. उलट पुण्यात बालेवाडीला आपल्यापेक्षा दोन वर्षं मोठ्या मुलीला तीन सेटपर्यंत नेलं, हरली तरी, तर दोन्ही हलतात. म्हणून मी पालकांना सांगतो की वर्षभराचं कॅलेंडर बनवताना पॉइंट कुठे मिळतील असं विचारू नका, मॅच कुणाशी होईल ते विचारा.

मग पहिल्या वर्षी नेमकं काय करायचं? माझा साधा हिशोब असा असतो की मुलीने साधारण तीन मॅच खेळल्या तर त्यातल्या दोन जिंकायला हव्यात. त्याहून जास्त जिंकत असेल तर एक पायरी वर न्या, निम्म्याहून जास्त हरत असेल तर एक पायरी खाली. हा काही कुठला नियम नाहीये, अनुभवाचा ठोकताळा आहे, पण बहुतेक चांगले कोच कमीजास्त असंच काहीतरी धरतात. तुमच्या मुलीसाठी याचा अर्थ असा की आयटाच्या अंडर-१४ सुपर सिरीज, नॅशनल सिरीज चालू ठेवायच्याच, त्यात आता अंडर-१६ पण घालायच्या, आणि वर्षातून काही मोजके आठवडे भारतातल्या जे३० ची क्वालिफाइंग. तेराव्या वर्षी आयटीएफ तसंही किती स्पर्धा खेळू देते त्याला मर्यादा आहे, वय वाढेल तशी ती वाढते, त्यामुळे उगाच सगळे आठवडे पहिल्या सहा महिन्यांत संपवून बसू नका. एटीएफच्या (आशियाई टेनिस महासंघाच्या) अंडर-१४ स्पर्धा भारतात झाल्या तर त्या पण खेळवा, आशियातल्या तिच्याच वयाच्या मुली बघायला मिळतात आणि ते फार गरजेचं असतं, आपल्याला वाटतं आपली पोरगी राज्यात भारी आहे, मग थायलंडची, जपानची मुलगी समोर येते आणि कळतं रॅली म्हणजे काय.

सांगलीहून पुणे म्हणजे तुम्हाला एका रात्रीच्या बसचा प्रवास. बालेवाडीला म्हाळुंग्याच्या स्टेडियमवर आयटीएफ होत असते, मुंबईत पण होते, दिल्ली, चंदीगड, कोलकाता, बंगळुरू, अहमदाबाद इथेही वर्षभर काही ना काही चालू असतं. एमएसएलटीए (आपली राज्य टेनिस संघटना) आणि आयटाच्या कॅलेंडरवर नजर ठेवा.

परदेशात कधी? माझं उत्तर असं की भारतातल्या जे३० मध्ये ती आपल्या जोरावर दोन-तीनदा क्वार्टरला पोचली की. त्याआधी नाही. आणि जायचं तर एकाच ठिकाणी लागोपाठ दोन आठवडे असतील तिथे जायचं, कोलंबो, थायलंडमधलं नोंथाबुरी, इजिप्तमधलं शर्म अल शेख इथे बऱ्याचदा असं जुळून येतं. एकदाच विमानाचं तिकीट, पहिल्या आठवड्यात कोर्ट, बॉल, हवा कळते आणि दुसऱ्या आठवड्यात खरं टेनिस खेळलं जातं. एका आठवड्यासाठी उडत जाऊन दुसऱ्या दिवशी हरून परत येणं म्हणजे पैसे पाण्यात. खर्चाचं विचारलंत म्हणून सांगतो, कोलंबोचा एक आठवडा एक पालक आणि एक मुलगी मिळून, तिकीट, हॉटेल, खाणं, एंट्री फी, स्ट्रिंगिंग धरून सहज लाखाच्या घरात जातो, हॉटेल कुठलं घेता त्यावर थोडं इकडेतिकडे. ज्युनियरमध्ये बक्षिसाची रक्कम नसते हे लक्षात ठेवा, जिंकली तरी ट्रॉफी आणि पॉइंट, त्यामुळे यातून कर्ज फेडायचा मार्ग नाहीये. त्याच लाखात मुलीसाठी सांगलीत एक चांगला हिटिंग पार्टनर आणि फिजिकल ट्रेनर काही महिने ठेवता येईल. मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

नैरोबीबद्दल तुम्ही खास विचारलंय. नैरोबी समुद्रसपाटीपासून १७०० मीटरच्या आसपास, पुणे ५६०. हवा विरळ, बॉल उडतो, टॉपस्पिन बसत नाही, सांगलीत बेसलाइनच्या आत पडणारा फोरहँड तिथे दोन फूट बाहेर. १२१९ मीटरच्या वर खेळायचं असेल तर त्यासाठी वेगळे हाय अल्टिट्यूड बॉल असतात तरी फरक पडतोच. तिथे जाणारे लोक स्ट्रिंगचं टेन्शन दोन-तीन पाउंड वाढवतात, आणि मातीचं कोर्ट असतं तर पाय सरकवायची सवय हवी. आपल्याकडच्या मुलींनी माती बघितलेली असते ती कडक, रोलर मारलेली, तिच्यावर फार सरकत नाही. कोलंबोला पण माती, वर दमट हवा आणि दुपारचा पाऊस, बॉल भिजून जड होतो, मॅच दोन-दोनदा थांबते. यात वाईट काही नाही, शिकायला उत्तम, फक्त सोपे पॉइंट म्हणून जाऊ नका. आणि केनियाहून परत येताना यलो फिव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट लागतं, लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरतात, नसेल तर भारतात उतरल्यावर क्वारंटाइनला ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते.

आता एक गोष्ट जी अकॅडमीत कुणी शिकवत नाही आणि आयटीएफच्या पहिल्या स्पर्धेत मुलं तिथेच मार खातात. जे३०, जे६० ला सुरुवातीच्या राउंडला बऱ्याचदा चेअर अंपायर नसतो. लाइन जज तर नाहीच. दोन-तीन कोर्ट मिळून एक अधिकारी फिरत असतो. आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर ते आपणच सांगायचं. बालेवाडीला बघितलेली एक मॅच सांगतो, तिसरा सेट, आपली मुलगी म्हणते ४-३ मी पुढे, समोरची म्हणते ३-४. दोघीही खोटं बोलत नव्हत्या बहुतेक, मधे एका गेमला ड्यूस (४०-४० ची बरोबरी) इतके लांबले होते की गेम कुणाचा झाला हेच दोघी विसरल्या. आपली मुलगी गप्प उभी राहिली आणि स्टँडकडे बघायला लागली. वडील वरून समोरच्या मुलीवर ओरडले. मग सुपरवायझर आला, वडिलांना बाहेर काढलं, आणि तोपर्यंत मुलीचा चेहरा असा झाला होता की पुढचे तीन गेम दहा मिनिटांत गेले.

हे टाळायचं म्हणजे घरी प्रॅक्टिस मॅचमध्येच सवय लावायची. सर्व्ह करणाऱ्याने प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर मोठ्याने बोलायचा, समोरच्याला ऐकू जाईल असा. लाजायचं नाही, आपली मुलं इथे फार लाजतात. स्कोअरवरून वाद झाला तर ओरडायचं नाही, खेळ थांबवायचा आणि अधिकाऱ्याला बोलवायचं, तो दोघींना विचारतो की कुठले गेम, कुठले पॉइंट तुम्हाला दोघींना मान्य आहेत आणि तिथून पुढे मोजतो. बॉलबद्दल खात्री नसेल तर तो आतच धरायचा. चुकून आऊट म्हटलं आणि लगेच लक्षात आलं की आत होता, तर तसं सांगायचं, पहिल्यांदा असं झालं तर पॉइंट पुन्हा खेळतात, फक्त समोरच्याचा तो शॉट तसाही विनर (आपल्याला परतवता न येणारा) असेल तर पॉइंट त्याचाच, आणि त्याच मॅचमध्ये दुसऱ्यांदा असं झालं तर पॉइंट आपण गमावला. समोरची मुलगी सतत चुकीचे कॉल देत असेल तर दुसऱ्या कॉललाच अधिकाऱ्याला बोलवा, पाचव्याला नाही, तो येऊन काही गेम कोर्टजवळ उभा राहतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच सगळं सरळ होतं. इंग्रजीत दोन-तीन वाक्यं पाठ असू द्या, मॅचच्या दडपणात मराठी मुलांना इंग्रजी सुचत नाही आणि मग समोरच्याचं खरं ठरतं. रॅकेट आपटणं, शिव्या, स्पर्धेतून उशिरा नाव मागे घेणं, यादीत असून न जाणं या सगळ्याचे आयटीएफकडे सस्पेन्शन पॉइंट जमा होतात, ते ठराविक मर्यादेपलीकडे गेले की काही काळ बंदी.

डबल्स खेळवा, प्लीज. बरेच पालक सिंगल्स हरलं की त्याच रात्री घरी निघतात. डबल्समध्ये रिटर्न, व्हॉली, पहिली सर्व्ह आत टाकणं हे जे शिकायला मिळतं ते सिंगल्सच्या बेसलाइन रॅलीत वर्षभर मिळत नाही, आणि रँकिंगमध्ये पाव हिस्सा तरी लागतो. सानिया मिर्झा २००३ ला विम्बल्डनची ज्युनियर डबल्स जिंकली होती रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाबरोबर, सुमित नागल २०१५ ला व्हिएतनामच्या ली होआंग नामबरोबर. पार्टनर आधीच ठरवून ठेवा, साइन-इनच्या (स्पर्धेच्या ठिकाणी नाव नोंदवायच्या) वेळी कोण मोकळं आहे बघू म्हणाल तर हाती काही लागत नाही.

शरीराबद्दल. मुलींची उंची साधारण या एक-दोन वर्षांत झपाट्याने वाढते, हाडं लांब होतात आणि स्नायू मागे राहतात, टाच, गुडघा, कंबर दुखते. कंबर सलग दोन आठवडे दुखत असेल, विशेषतः सर्व्ह करताना मागे वाकल्यावर एका बाजूला, तर बाम लावून खेळवू नका, स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरला दाखवा, या वयातल्या टेनिसपटूंना मणक्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर होतं आणि ते वेळेत कळलं तर काही महिन्यांच्या विश्रांतीने भरतं. दिवसाला किती सर्व्ह मारल्या ते मोजा. पाळी सुरू झाली असेल तर ती नियमित आहे का याकडे लक्ष ठेवा, खूप ट्रेनिंग आणि कमी खाणं झालं की ती थांबते आणि ते फिटनेसचं लक्षण नाहीये, धोक्याची घंटा आहे. याबद्दल बाबा लोक कोचशी बोलत नाहीत, आणि आई लोक कोच पुरुष आहे म्हणून बोलत नाहीत. बोला.

औषधांचं पण. आयटीएफ खेळायला लागली की अँटी-डोपिंगचे नियम तिला लागू होतात, तेरा वर्षांची असली तरी. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या काळात ते एका मर्यादेपुढे चालत नाही. दम्याचा इनहेलर असेल तर कुठला आणि किती डोस ते डॉक्टरकडून लिहून घ्या. ओळखीच्या वैद्यांचं ताकदीचं चूर्ण, जिमवाल्याची पावडर, यात काय मिसळलंय ते कुणालाच माहीत नसतं, मी तरी माझ्या कुठल्याच मुलाला घेऊ देत नाही.

आता मोठा प्रश्न, हे सगळं कशासाठी. ज्युनियर रँकिंगने पुढचं काय होतं? खरं सांगायचं तर दोन्ही प्रकारची उदाहरणं आहेत. कोको गॉफ १४ व्या वर्षी २०१८ ला फ्रेंच ओपनची ज्युनियर जिंकली, त्याच वर्षी इगा श्वियाँटेक विम्बल्डनची ज्युनियर जिंकली, दोघींचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. आणि आर्यना सबालेंका ज्युनियर ग्रँड स्लॅम एकही खेळली नाही. मुलांमध्ये यानिक सिनर ज्युनियरमध्ये पहिल्या शंभरातही नव्हता. आपला युकी भांब्री २००९ ला ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर जिंकला, जगात ज्युनियर नंबर एक होता, मग गुडघ्याने त्याची कितीतरी वर्षं खाल्ली, तरी सिंगल्समध्ये पहिल्या शंभरात पोचला आणि आता डबल्स खेळतो. म्हणजे ज्युनियर रँक बघून भविष्य सांगता येत नाही. पण त्याचा एक ठोस उपयोग आहे, ज्युनियरमध्ये पहिल्या शंभरात असाल तर १५ हजार डॉलरच्या प्रो स्पर्धांमध्ये, मुलींच्या डब्ल्यू१५ मध्ये, ज्युनियरसाठी राखीव जागा मिळतात. तिथपर्यंत न पोचता रँक ८०० आहे की १४०० आहे याने व्यवहारात फार काही बदलत नाही, हे लिहून ठेवा. मुलींना प्रो स्पर्धा चौदाव्या वर्षापासून खेळता येतात आणि अठरापर्यंत वर्षाला किती खेळायच्या त्यालाही मर्यादा आहे. कोइम्बतूरची माया राजेश्वरन २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईत सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर) डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिलांच्या प्रो टेनिस संघटनेच्या, १२५ स्पर्धेत सेमीला पोचली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, तुम्ही बातम्या बघितल्या असतील आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक पालक तिचंच उदाहरण देतो. ती अपवाद आहे, आणि अपवाद बघून घर गहाण टाकू नये.

तुमच्यासारख्या घरासाठी मला जास्त खरा वाटणारा रस्ता म्हणजे अमेरिकन कॉलेजच्या टीममध्ये स्कॉलरशिपवर खेळणं. आपली श्रीरामपूरकडची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला खेळली, परत येऊन प्रो खेळली आणि हांगझोऊच्या एशियन गेम्सला रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेतलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला होता. आणि भारतात राहूनही होतं, अंकिता रैना अहमदाबादची, पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे सरांकडे घडली. पुण्याचीच वैष्णवी आडकर २०२५ च्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्सला सिंगल्सचं ब्राँझ घेऊन आली.

कॉलेजचा विचार असेल तर मुलींसाठी गणित मुलांपेक्षा बरं राहिलंय. बरीच वर्षं डिव्हिजन १ च्या (कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटाच्या) मुलींच्या टीमला आठ पूर्ण स्कॉलरशिप असायच्या आणि मुलांच्या टीमला साडेचार, त्याही तोडून वाटायचे. २०२५ पासून नियम बदलले, नवी पद्धत स्वीकारलेल्या कॉलेजांसाठी तो आकडा जाऊन टीममध्ये किती खेळाडू ठेवायचे त्याची मर्यादा आली, आणि ती कॉलेजं आपापल्या बजेटप्रमाणे पैसे देतात. पण एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज खेळांची संस्था) नववी ते बारावीचे विषय आणि मार्क बघते, ठरलेले १६ कोर्स पूर्ण लागतात. म्हणजे तुमच्या मुलीचं टेनिसचं रेकॉर्ड सुरू होतंय त्याच्या पुढच्याच वर्षापासून तिचं शाळेचं रेकॉर्ड पण मोजायला लागणार. आठवीत शाळा सोडून ओपन बोर्डाला टाका, दिवसभर टेनिस खेळवा असं कुणी सांगत असेल तर आधी विचारा की ते विषय तिकडे धरतात का. बारावीनंतर पण वर्षभर प्रो खेळून बघू आणि मग कॉलेज, असं मनात असेल तर आधी तिथल्या नियमांची चौकशी करा, टेनिसमध्ये शाळा संपल्यावर उशिरा ॲडमिशन घेतली की खेळायची वर्षं कापली जाऊ शकतात.

आता कामाचं. आयपीआयएन म्हणजे आयटीएफचा खेळाडू नंबर, तो ऑनलाइन काढायचा, दरवर्षी फी भरून चालू ठेवायचा. एंट्री स्पर्धेच्या सोमवारच्या साधारण चार आठवडे आधीच्या मंगळवारी बंद होते, आपल्या वेळेने संध्याकाळी साडेसातला, आणि नाव मागे घ्यायची शेवटची तारीख त्यानंतर दोन आठवड्यांनी, पुन्हा मंगळवारी. एकाच आठवड्यात एकापेक्षा जास्त स्पर्धांना पसंतीक्रम लावून एंट्री टाकता येते, पण नाव मागे घ्यायची तारीख उलटली की जिथे यादीत आलाय तिथेच जायचं. त्याच आठवड्याला आयटाच्या स्पर्धेला पण नाव ठेवून बसू नका. ऍक्सेप्टन्स लिस्ट (एंट्री मिळालेल्यांची यादी) लागली की ती रोज बघा, मेन ड्रॉ, क्वालिफाइंग आणि ऑल्टरनेट (वेटिंग लिस्ट) असे तीन भाग असतात, लोक नावं मागे घेतील तशी तुमची मुलगी वर सरकते. ऑल्टरनेट १५-२० वर असेल तर भारतातल्या स्पर्धेला जायला हरकत नाही, परदेशातल्या स्पर्धेला नाही. साइन-इनची वेळ, बॉल कुठला, हॉटेल, स्ट्रिंगर आहे की नाही हे सगळं फॅक्टशीटमध्ये (स्पर्धेच्या माहितीपत्रकात) असतं, ते प्रिंट काढून बॅगेत टाका. तुम्ही स्वतः जाणार नसाल आणि कोचबरोबर पाठवणार असाल तर दोन्ही पालकांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतीपत्र करा, इमिग्रेशनला विचारतात. आणि तो कोच एकाच वेळी किती मुलं घेऊन चाललाय ते विचारा, चारच्या वर असतील तर तुमच्या मुलीची मॅच चालू असताना तो दुसऱ्या कोर्टवर असणार.

आयपीआयएन भरताना नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव पहिल्याच रकान्यात चिकटलेलं असतं, आयटाच्या कार्डवर फक्त नाव-आडनाव, आणि शाळेच्या दाखल्यावर स्पेलिंग तिसरंच. परदेशात साइन-इनला किंवा व्हिसाला हे जुळलं नाही की धावपळ होते. पासपोर्ट लहान मुलांना पाच वर्षांचाच मिळतो, संपायला किती महिने राहिलेत ते आजच बघून घ्या, सहा महिन्यांच्या आत आला असेल तर आधी तो रिन्यू करा, बाकीचं नंतर.